नवं यंत्र नको, आहे ते चालू करून द्या

प्रति,
हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणारे विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
तसेच शेतीचा विकास निधी मंजूर करणारे, वाटणारे आणि त्याचा हिशेब ठेवणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्याच्या संत्रा पट्ट्यात शेती करते. सासऱ्यांच्या हातचा सव्वापाचशे झाडांचा बगीचा आहे, शिवाय तीन एकर कपाशीचं वावर. यजमान बुटीबोरीला कारखान्यात नोकरीला आहेत, त्यामुळे गेली सोळा वर्षं बगिच्याला पाणी तोडून ताण देणं, ओलित, फवारणी, तोडा सगळं मीच बघते. आसपासच्या नऊ गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक उत्पादक कंपनी काढली आहे, तिच्या पाच संचालकांपैकी मी एक.

गेल्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेले होते. आमचं संत्री धुण्याचं आणि आकारानुसार निवडण्याचं यंत्र बंद पडलं आहे. त्याच्या दुरुस्तीला काही मदत मिळते का, एवढंच विचारायचं होतं. समोरच्या अधिकाऱ्यांनी फाइल नीट वाचली, पाणी विचारलं, आणि म्हणाले, "ताई, दुरुस्तीचं हेडच नाही आपल्याकडे. त्यापेक्षा नवीन मशीनचा प्रस्ताव टाका. यंदा पैसा आहे."

त्यांना मी दोष देत नाही. नियम जसा आहे तसा त्यांनी सांगितला. पण एसटीत बसून गावी पोहोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. शेड आणि यंत्र मिळून ६२ लाख लागले. त्यातले ६० टक्के सरकारचे, बाकी आमच्या सभासदांचं भागभांडवल आणि बँकेचं कर्ज. दुरुस्तीचा खर्च १ लाख ८५ हजार. तेवढ्यासाठी सगळं अडून बसलं आहे, आणि त्याच शेडमध्ये त्याच्या शेजारी दुसरं तसंच यंत्र ठेवायला मात्र पैसा तयार आहे. हे मला गप्प राहून पचवता येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

यंत्राची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण ती एकट्या आमची नाही.

यंत्र आलं २८ मार्चला. तारीख लक्षात आहे, कारण त्या आठवड्यात पुरवठादाराचा माणूस दिवसातून तीनदा फोन करून सांगत होता की ३१ तारखेच्या आत माल उतरवून फोटो गेला नाही तर निधी परत जाईल. आमच्या शेडला तेव्हा दारंसुद्धा बसली नव्हती. यंत्र उतरवलं, ताडपत्री टाकली, फोटो काढला, फोटो वर चढवला. थ्री फेजचं कनेक्शन आलं नोव्हेंबरात. वॉरंटी माल उतरवल्याच्या तारखेपासून बारा महिने. म्हणजे आठ महिने यंत्राचं बटनही दाबलं नव्हतं आणि वॉरंटी मात्र चालू होती. पहिल्या वर्षी अंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याच्या फळांचा, तोडा सुरू होता, यंत्र २३ दिवस चाललं. चौदा बायांना गावातच काम मिळालं. मोठ्या फळाला दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यानं किलोमागे सहा रुपये जास्त दिले. दुसऱ्या वर्षी नवव्या दिवशी डीपीवर काही झालं, दाब वरखाली झाला आणि पॅनलमधलं कार्ड जळालं. तोवर वॉरंटी संपली होती. ते कार्ड बसवणारा माणूस परराज्यातून यावा लागतो, आणि तो आधी पैसे मागतो.

आज तिथं गेलात तर पॅनलवरचं पारदर्शक प्लास्टिक अजून तसंच चिकटलेलं दिसेल, काढायचं राहून गेलं. ब्रशच्या रोलरांमध्ये खारीनं सुतळीचे धागे आणून घर केलं आहे. निवडलेलं फळ ज्या पट्ट्यावरून उतरायचं त्यावर सभासदांची सोयाबीनची पोती रचलेली आहेत. कर्जाचा हप्ता दर तीन महिन्यांनी न चुकता जातो.

सरकारच्या कागदावर हे काम पूर्ण आहे. निधी १०० टक्के खर्च, उपयोगिता प्रमाणपत्र सादर, फोटो जोडलेला. त्या कागदात कुठंही खोटं काही नाही. यंत्र चालतं का, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नाही. माझं जे काही म्हणणं आहे ते याच रकान्याबद्दल आहे.

शेतीला पैसाच मिळत नाही, असं मी म्हणणार नाही. केंद्रानं २०२० मध्ये कृषी पायाभूत सुविधा निधी काढला, एक लाख कोटींच्या कर्जाचा, दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत देऊन. जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात आमच्या बाजूचा वर्धा जिल्हा होता, आम्ही नव्हतो. दुसऱ्या टप्प्यात ६,००० कोटी आणि २१ जिल्हे ठरले, त्यात आता नागपूरही आहे. शेतमालाच्या मूल्यसाखळीसाठी 'स्मार्ट' प्रकल्प आहे, तोही जागतिक बँकेच्या पैशावर. एक रुपयातला पीक विमा बंद झाल्यावर राज्यानं २०२५-२६ पासून कृषी समृद्धी योजना आणली, शेतीतल्या भांडवली गुंतवणुकीसाठी वर्षाला ५,००० कोटी, पाच वर्षांत २५,००० कोटी. यातला बराच पैसा कर्जाचा आहे. आमची मुलं ते फेडतील. मग त्या पैशातून उभं राहिलेलं त्यांच्या हाती पडेल तेव्हा ते चालू असावं, एवढं मागण्याचा हक्क आम्हाला आहे.

आता एकेक तक्रार मांडते.

पहिली तक्रार मार्च महिन्याची. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च. आमच्या बगिच्याचं वर्ष वेगळं आहे. डिसेंबरात ओलित तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत ताण मोडायचा, मग अंबियाचा फुलोर येतो. ठिबक बदलायचं, नळ्या पसरायच्या, तर त्याआधी. शेततळं खोदायचं तर पावसाच्या आधी अस्तरीकरण होऊन ते तयार पाहिजे. कपाशीचं अवजार लागतं मे-जूनमध्ये. पण आमच्याकडे पूर्वसंमतीचे संदेश येतात ते बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, आणि मग महिन्याभरात खरेदी करा, बिल चढवा, तपासणी करून घ्या. घाईत माणूस जे दुकानात उभं आहे ते घेतो. आमच्या गावात रोटाव्हेटर अकरा आहेत. सात तरी वर्षातले तीनशे पंचवीस दिवस अंगणात उभे असतात. संत्र्याच्या दोन ओळींत उंच वाढलेलं गवत कापून तिथंच आच्छादन करणारं यंत्र मात्र एकाकडेही नाही, कारण त्या घाईच्या दिवसांत ते जवळपास कुठल्याच दुकानात नसतं.

दुसरी तक्रार पैसे हातात पडण्याच्या वेळेची. ठिबकाला अल्पभूधारकांना ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान, असं आपण भाषणांत सांगता आणि ते नियमात आहेही. माझा हिशेब सांगते. पाच एकर बगिच्याला ठिबक बसवायला प्रत्यक्ष खर्च आला ९२ हजार. अनुदान काढतात ते सरकारनं ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर, आणि तो बाजारभावाच्या मागे राहिलेला असतो. म्हणून मंजूर झाले ६१ हजार. तेही आधी सगळे पैसे आपण भरायचे आणि अनुदान नंतर खात्यात. मी गावातच ६० हजार शेकडा दोननं उचलले. अनुदान जमा झालं सोळा महिन्यांनी. तोवर व्याजाचे १९ हजार २०० झाले होते. म्हणजे माझ्या हाती उरली ती मदत ४१ हजार ८०० ची, खर्चाच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. उरलेलं सावकाराकडे गेलं. ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आहे त्याला मात्र पूर्ण ६१ हजार मिळाले. गरिबासाठी म्हणून ठेवलेली जास्तीची टक्केवारी उशिरातच खर्ची पडते, हे आपल्यापर्यंत कुणी पोहोचवलं नसेल तर आता मी पोहोचवते आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

देशातल्या फार थोड्या शहरांना मिळालं असेल इतकं शेतीचं ज्ञान नागपूरला मिळालं आहे. कृषी महाविद्यालय १९०६ सालचं. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ ची. मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था इथेच, तीही १९७६ ची. लिंबूवर्गीय फळांचं संशोधन १९८५ पासून इथं चालतं. अमरावती रोडनं शहरात शिरताना यातल्या काही संस्थांच्या पाट्या दिसतात. संत्र्याची राष्ट्रीय संशोधन संस्था ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात संत्र्याचे बगीचे डिंक्यानं वाळतात. याला शास्त्रज्ञ जबाबदार आहेत असं मला वाटत नाही. मधला रस्ता कुणी बांधलाच नाही.

माझं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये मी १४० कलमा लावल्या. एका रोपवाटिकेतून आणल्या, पस्तीस रुपयाला एक. सहाव्या वर्षापर्यंत त्यातल्या ६२ गेल्या. आधी पानं पिवळी पडायची, मग शेंड्याकडून फांद्या वाळायच्या, बुंध्याशी साल फाटून डिंक यायचा. मुळं उकरून पाहिली तर साल बोटानं सरकत होती. मी औषधं ओतली, बोर्डो पेस्ट लावली, दुकानदार सांगेल ते टाकलं. नंतर संस्थेतल्या शिबिरात कळलं की फायटोप्थोरा ही बुरशी कलमेच्या मुळाशी असलेल्या मातीच्या गोळ्यातूनच माझ्या वावरात आली असणार. पुन्हापुन्हा त्याच वाफ्यात वाढवलेलं रोप, त्यात भारी काळी जमीन, पाण्याचा निचरा नाही. आणि मी कलम लावताना डोळा, म्हणजे कलमेचा सांधा, मातीत गाडला होता, तो जमिनीपासून वीतभर वर असायला हवा होता. ही माहिती त्या संस्थेकडे कितीतरी वर्षं आधीपासून होती. माझ्या गावापासून ती संस्था सव्वा तासाच्या रस्त्यावर आहे. माझं नुकसान कलमेमागे पस्तीस रुपयांचं झालं नाही. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढी वर्षं पाणी, खत, मजुरी घालून शेवटी सरपण हाती आलं.

केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटी ६७ लाखांचा स्वच्छ रोपे कार्यक्रम मंजूर केला. त्यात संत्र्यासाठीचं केंद्र नागपुरात होणार असं जाहीर झालं. हे ऐकून मला खरंच आनंद झाला. शेतीचं आधुनिकीकरण म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी रोगमुक्त कलम म्हणेन आणि ड्रोन त्यानंतर. पण माझी भीतीही याच ठिकाणी आहे. इमारत उभी राहील, काचेची घरं उभी राहतील, उद्घाटन होईल. मातृवृक्ष दरवर्षी तपासायला माणसं नेमली जातील का? खासगी रोपवाटिकांना तिथला डोळा मिळेल का, आणि त्यांच्या वाफ्याची तपासणी होईल का? वरुड-शेंदूरजना घाटच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या कलमा बांधणारे हात आहेत. त्यांना जंतुमुक्त माती, पिशव्या, शेडनेट यांसाठी भांडवल दिलं तर दोन-चार वर्षांत सगळ्या पट्ट्याचं रोप बदलेल. त्यांना बाजूला ठेवून एकटं केंद्र उभं केलं तर आमच्या बगिच्यापर्यंत काही पोहोचणार नाही.

मधला रस्ता म्हणजे माणूस. आमच्या कृषी सहायकाकडे, आताच्या नावानं सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, सात गावं आहेत. चांगला मुलगा आहे, शेतीचं शिकलेला. पण तो येतो तेव्हा त्याच्या हातात मोबाइल असतो आणि त्याला अक्षांश-रेखांशासह फोटो काढायचा असतो. शेततळ्याचा फोटो, ठिबकाचा फोटो, गारपिटीच्या पंचनाम्याचा फोटो, शिवाय कुणाचं केवायसी राहिलं ते. एकदा मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं या झाडाखाली ये, फळगळ बघ. त्यानं घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला यायचं होतं. आपण त्याला इतक्या योजना सांभाळायला दिल्या आहेत की ज्या शेतासाठी त्या योजना आहेत त्यात पाय ठेवायला त्याला वेळ उरत नाही. आणि हे फक्त गावपातळीवर नाही. शेतीतून देशाला जे उत्पन्न मिळतं, त्याच्या एक टक्काही आपण शेतीच्या संशोधनावर खर्च करत नाही.

कपाशीचं थोडक्यात. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये तिची दुसरी पिढी आली, आणि गुलाबी बोंडअळी त्या दोन्हींना पुरून उरली. त्यानंतर सघन लागवड, कमी दिवसांचं वाण, वेळेत फरदड, म्हणजे वेचणीनंतरही वावरात ठेवलेली कपाशी, मोडणं, कामगंध सापळे, हे सगळं सांगितलं गेलं, त्यातलं बरंच नागपुरातूनच. पण सापळ्यातली ल्युअर, म्हणजे पतंगाला ओढणारी गंधाची गोळी, ठरावीक दिवसांनी बदलावी लागते, आणि अनुदानात येते ती बहुतेक वेळा एकदाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात, अळी जोरात असते तेव्हा, सापळे नुसते टांगलेले असतात. यंत्राच्या दुरुस्तीचीच ही छोटी आवृत्ती आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापसाच्या उत्पादकतेसाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं आहे, त्यात हे तरी लक्षात घ्यावं.

पाण्याचं बोलल्याशिवाय पत्र पूर्ण होणार नाही. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या बाजूचं. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मूळ खर्च ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. अडीच लाख हेक्टर ओलिताचं स्वप्न. आज माझी मुलगी कॉलेजात आहे आणि माझ्या भावाच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत पाटचारी अजून आलेली नाही. धरणात पाणी दिसतं, मोठा कालवा दिसतो, शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर राहिला आहे. भाऊ पाइप टाकून डिझेल इंजिननं पाणी ओढतो. इकडे आमच्या संत्रा पट्ट्यात बोअर सातशे-आठशे फुटांवर गेले. मोठं काम सुरू करायला निधी मिळतो, त्याचं शेवटचं टोक जोडायला मिळत नाही, हे मी लहानपणापासून बघते आहे.

आणखी एक. माझ्या नावावर सातबारा नाही. जमीन सासऱ्यांच्या आणि यजमानांच्या नावावर आहे. शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीवरून मिळतो, अर्ज त्या क्रमांकावरून होतो. मी सोळा वर्षं हा बगीचा सांभाळते, पण योजनांचे अर्ज होतात त्या महाडीबीटी पोर्टलवर मी शेतकरी नाही. ओटीपी येतो बुटीबोरीच्या कारखान्यात असलेल्या फोनवर, आणि तिथं कामावर फोन आत नेऊ देत नाहीत. आता आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ अशी पद्धत आली आहे, त्यात आमच्यासारख्या बाया मागेच राहणार. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे, पण ती नवऱ्यानं अर्ज केला तर. शेत कसणाऱ्या बाईला कसणारी म्हणून नोंद मिळण्याचा मार्ग त्यात नाही.

निधी नीट वापरला तर काय होतं, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे, म्हणून निराश होऊन मी लिहीत नाही. द्राक्षाकडे पाहा. १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र करून महाग्रेप्स उभी राहिली. पूर्वशीतकरण आणि शीतगृहं बागांच्या जवळ आली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर बागेची नोंदणी, अंश तपासणीच्या प्रयोगशाळा, कोणत्या पेटीतलं फळ कोणत्या बागेतलं याचा माग, हे सगळं उभं राहिलं. आणि मुख्य म्हणजे ते दरवर्षी चालू ठेवलं गेलं. बागायतदार, शास्त्रज्ञ आणि निर्यात बघणारे अधिकारी एका पिकाच्या मागे वीस-पंचवीस वर्षं उभे राहिले. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आमचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा आमच्याकडे दुसरा बाजार नव्हता, आणि दुसऱ्या बाजाराला लागणारं निवडलेलं, धुतलेलं, एकसारख्या आकाराचं फळ देणारी यंत्रं आमच्यासारखीच कुठं कुठं बंद पडलेली होती.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

शेतीसाठी यंत्र, शेड, शीतगृह, हवामान केंद्र, काहीही मंजूर करताना पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा त्याच मंजुरीत बाजूला काढून ठेवा. वॉरंटी माल उतरवल्याच्या दिवसापासून न धरता वीज जोडून यंत्र चालवून दाखवल्याच्या दिवसापासून धरा. पुरवठादाराची शेवटची २० टक्के रक्कम पहिला हंगाम पूर्ण चालल्यावर द्या.

जिल्हा वार्षिक योजनेत शेतीच्या सामाईक मालमत्तांसाठी दुरुस्ती आणि देखभाल असं स्वतंत्र हेड उघडा. जिल्हा नियोजन समितीची तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीनं केली ती जिल्ह्याच्या गरजा जिल्ह्यात ठरवण्यासाठीच. आमची गरज हीच आहे.

प्रत्येक काम पूर्ण झाल्यावर तीन हंगामांनी त्याची पुन्हा पाहणी करा. चालू की बंद, बंद असेल तर का, आणि चालू करायला किती लागेल, एवढ्या तीन गोष्टी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर लावा. पाहणी त्याच खात्याच्या माणसाकडून नको. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना हे काम द्या, त्यांचंही शिक्षण होईल. आधीची यादी सुधारल्याशिवाय त्याच तालुक्यात तसलंच नवीन काम मंजूर करू नका.

फळबागेच्या योजनांच्या पूर्वसंमती सप्टेंबरपर्यंत, खरिपाच्या अवजारांच्या एप्रिलपर्यंत द्या. तपासणी झाल्यापासून साठ दिवसांत अनुदान जमा झालं नाही तर त्यावर बँकेच्या दरानं व्याज द्या. मापदंडाचे दर दरवर्षी बाजाराशी जुळवा.

कृषी सहायकांची रिकामी पदं भरा आणि अर्ज-फोटोंचं काम वेगळ्या माणसाकडे सोपवा. आठवड्यातले तीन दिवस तरी त्यांना वावरात राहू द्या.

स्वच्छ रोपांच्या केंद्राबरोबर खासगी रोपवाटिकांचं नूतनीकरण जोडा. तपासणी न झालेली कलम विकायची नाही, हा नियम पाळला जातो की नाही हे दर हंगामात जाहीर करा.

नवा कालवा सुरू करण्याआधी जुन्याच्या पाटचाऱ्या शेवटच्या धुऱ्यापर्यंत न्या.

कसणाऱ्या बाईला, घरातल्या सातबाराधारकाच्या संमतिपत्रावर आणि ग्रामसभेच्या नोंदीवर, स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या फोनवरून अर्ज करू द्या.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा पैसा लागत नाही. जो मंजूर आहे त्यातला थोडा भाग वेगळ्या ओळीत लिहावा लागतो, आणि ती ओळ लिहिण्याचा अधिकार आपल्यालाच आहे. १९५३ च्या नागपूर करारानं आपलं एक अधिवेशन आमच्या दारी येतं. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हापासून इथल्या निधीचं काय झालं हे विचारायची एक जागा कमी झाली आहे. म्हणून हे थोडेच दिवस आम्हाला फार मोलाचे वाटतात. शेतीवर चर्चा होईल तेव्हा किती कोटी दिले याबरोबर किती यंत्रं आज चालू आहेत, हा प्रश्न आपल्यापैकी एकानं तरी सभागृहात विचारावा. उत्तर लेखी मागावं.

आमची शेड विधान भवनापासून सव्वा तासावर आहे. किल्ली माझ्याकडेच असते. अधिवेशनाच्या काळात कुठल्याही दिवशी, सकाळी आठच्या आधी किंवा दुपारी चारनंतर या, मधल्या वेळात आमचा तोडा चालू असतो. पोती आम्ही आदल्या दिवशी बाजूला करून ठेवू, म्हणजे यंत्र नीट दिसेल.

आपली नम्र,
एक संत्रा उत्पादक शेतकरी
जिल्हा नागपूर